पिशवीतला हापूस

आधी चहा संपवा. खरंच, संपवा. हा किस्सा ऐकताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता, तेव्हापासून कप रिकामे झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

झाले? बरं. तर मी आयुष्यात एकदा अशी माती खाल्ली आहे, की माहेरी सांगता येत नाही आणि सासरी विसरता येत नाही. रत्नागिरीत जन्म गेला माझा, आणि मी पदरच्या पैशाने मँगो इसेन्सची बाटली विकत आणली. आत्ताच तोंडं वाकडी करू नका, कारण तर ऐका.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या आळीत नुकताच पहिला रंगीत टीव्ही आला होता आणि माझ्या पोटावर पिशवी. आतड्याचं दुखणं झालं होतं. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, आणि डॉक्टरांनी आतड्याचं तोंडच पोटावर काढून दिलं. त्यावर पिशवी चिकटवायची. म्हणजे साऱ्या जगाचं जे मागून होतं ते माझं पुढून, आणि तेही मला न विचारता. पिशवीला खाली तोंड, तोंडाला चिमटा. भरली की संडासात जाऊन रिकामी करायची, की झालं. जिवावरचं पोटावर निभावलं, तक्रार कुणाकडे करायची?

पण दोन ताप होते. एक म्हणजे, सगळं पिशवीच्या वरच्या अंगाला चिकटून बसायचं, खाली उतरायचंच नाही. दुसरा ताप वासाचा. पिशव्या तेव्हा रत्नागिरीत मिळत नव्हत्या. भाऊ मुंबईहून कुणी येणाऱ्याबरोबर पाठवायचा, त्या मी धुऊन सुकवून पुन्हा वापरायची. तुम्ही दुधाच्या पिशव्या धुऊन वापरता ना, तसंच. फक्त दूध नव्हतं.

मुंबईच्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, आत चमचाभर तेल सोडा, म्हणजे सगळं घसरून खाली जाईल. आपल्याकडे तेल म्हटलं की खोबरेल. सोडलं. आणि नेमकी पौषातली थंडी, त्यात पिशवी रात्रभर पांघरुणाबाहेर राहिलेली. सकाळी उठून बघते तर खोबरेल थिजलेलं, आणि घसरायचं राहिलं बाजूला, सगळं जागच्या जागी वडी पडल्यासारखं बसलेलं. मग गोडेतेलावर आले. ते जमलं.

राहिला वास. मी शिवणाचा क्लास चालवायची. आठ-दहा मुली माझ्याभोवती वाकून कापडावर खुणा करायच्या, आणि माझा जीव सगळा त्यांच्या नाकाकडे. म्हणून मी प्रयोग सुरू केले. आधी तेलात कापूर घातला. त्या दिवशी मी माजघरातून गेले आणि आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवून हात जोडले. कापूर बंद. मग खाण्याचा सोडा घातला. शेजारच्या फातिमाभाभी म्हणाल्या, सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून बघा, वास मारतो. मी म्हटलं, दोन्ही घालू, दुप्पट गुण येईल. तुमच्यापैकी कुणी शाळेत विज्ञानाच्या तासाला जागं असेल तर पुढचं सांगायला नको. मी भाजी निवडत बसले होते आणि माझं पोट तळणीतल्या पुरीसारखं टम्म फुगून वर आलं. लेक नंदा धावत आली आणि म्हणाली, "आई, हलू नकोस." जसा काही मी बॉम्बच होते.

तेव्हा मला इसेन्स सुचला. पुण्याची माझी मावसबहीण बर्फीत दोन थेंब टाकायची आणि घरभर घमघमाट सुटायचा. मी वाण्याकडे गेले आणि हळूच मँगो इसेन्स मागितला. वाण्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मँगोचा? कशास?"

"बर्फी करायची आहे."

"इथे खायला?"

"छे. पुण्याला पाठवायची आहे."

"मग हरकत नाही," असं म्हणून त्याने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, इकडेतिकडे बघून माझ्या हातात सरकवली. घरी येईपर्यंत मलाही आपण दारूच नेत आहोत असं वाटत होतं.

पण गुण काय सांगू. चमचाभर गोडेतेल, त्यात चार थेंब आत. पिशवीवर घालायला मी मऊ कापडाचा अभ्रा शिवला होता, त्यावर दोन थेंब बाहेरून. सगळं सुळकन खाली, आणि वास म्हणाल तर वैशाखातल्या दुपारचा. क्लासच्या मुली म्हणायला लागल्या, "बाई, आम्हांला सारखी भूक लागते." मी जिंकले होते.

आणि अशात नंदाला जवळच्या पावस गावचं स्थळ सांगून आलं.

घर चांगलं. हापूसची मोठी बाग, मुलगा शिकलेला आणि गरीब स्वभावाचा. मुलाचे वडील तात्या, आई माई. नंदाने मुलाला एका लग्नात बघितलं होतं आणि तिच्या मनात तो भरला होता, हे ती बोलली नव्हती, पण मला कळत होतं. मला भीती एकच होती. पिशवीचं कळलं तर ते म्हणतील, आईचं आतडं असं, उद्या मुलीचंही तसंच होईल. माझ्या दुखण्यापायी पोरीचं जमता जमता मोडलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. म्हणून आम्ही ठरवलं, आत्ता अवाक्षर काढायचं नाही. कुणी विचारलंच तर मी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं, "हे माझ्यापुरतंच आहे, मुलीला नाही." आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

बघायला येण्याचा दिवस माघातला. दडपे पोहे केले, नारळाच्या वड्या थापल्या. मी घाबरले की माझं आतडं जास्त जोमात काम करतं, म्हणून मी इसेन्सचे थेंब दुप्पट घातले. आई घाबरली आहे हे बघून नंदाने मला न सांगता अभ्र्यावर झाकणभर ओतलं. आणि ऐनवेळी आमच्या ह्यांनाही वाटलं की आपण काही मदत केली नाही, तर त्यांनी उरलेला शिंतोडा माझ्या पदरावर मारला.

पाहुणे आले. तात्या पायरीवर चप्पल काढता काढता थांबले. एक पाय चपलेत, एक बाहेर. नाक वर.

"आंबा," ते म्हणाले.

"बसा ना," आमचे हे म्हणाले.

"हापूस. पिकलेला." तात्या अजून पायरीवरच. "माघात? आमच्या झाडांना सुपारीएवढी कैरी धरली आहे, आणि तुमच्याकडे आढी?"

आता हे तुम्हांला सांगायला नको, पण बाहेरचं कुणी ऐकत असेल तर सांगते. आढी म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घालतात ती. पावसच्या बागायतदाराच्या आधी दोन-अडीच महिने कुणाच्या घरात आढी पिकणं म्हणजे त्याच्या नाकावर टिच्चून पिकणं. आणि घरात पिकला आंबा असताना मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोहे ठेवणं, हा तर सरळ अपमान.

"आंबा नाही हो घरात," मी म्हटलं.

म्हटलं आणि नेमकी पोह्यांच्या बशा घेऊन त्यांच्यापुढे वाकले. तात्यांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"वहिनी, चाळीस पावसाळे मी आंब्यात काढले. मला वास कळत नाही काय?"

"उदबत्तीचा असेल," हे म्हणाले.

"उदबत्ती कुठे आहे?"

उदबत्ती नव्हती. मुलगा बिचारा खाली मान घालून पोहे खात होता आणि नंदा दाराआडून माझ्याकडे बघत होती, रडवेली.

तात्या उठले. "राग मानू नका," असं म्हणत ते माझ्या घरात आंबा शोधायला निघाले. माजघर बघितलं. कॉटखाली वाकून बघितलं. तांदळाच्या कणगीत हात घालून बघितला. मी मागोमाग, "अहो, नाही हो, खरंच नाही," करत. आणि मी जाईन तिथे वास जाणार, दुसरं काय होणार? तात्या गरकन वळले.

"वहिनी जवळ आल्या की वास वाढतो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घाबरल्यामुळे आतड्याने आपलं काम चोख केलं होतं. पिशवी भरली होती, आणि पदराखाली डाव्या अंगाला चांगला टपोरा उंचवटा आला होता. पहिल्या प्रतीच्या फळाचा आकार म्हणा ना.

माई इतका वेळ जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांची नजर त्या उंचवट्यावर पडली. त्या उठल्या, माझं मनगट धरलं आणि मला स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं.

"अगो बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "लपवलाय तो काढून ठेवा. मी ह्यांना सांगत्ये की शिंकाळ्यात सापडला. पाहुण्यांसमोर पदराखाली आंबा धरून फिरायचं हे काय वय आहे तुमचं?"

काय करणार? पदर बाजूला केला आणि दाखवलं. ऑपरेशन, पिशवी, सगळं एका दमात सांगितलं, आणि वर पाठ केलेलं वाक्य म्हणायला गेले तर रडूच फुटलं. म्हटलं, "नंदाचा यात काही दोष नाही हो. तिला नाही म्हणू नका."

माईंनी मला पाटावर बसवलं. "सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचं सगळं मी हाताने काढलं," त्या म्हणाल्या. "मला पिशवीची काय भीती घालता? जिवंत राहिलात हे बघा. पण मग हा आंब्याचा वास?"

मला इतकं हलकं वाटलं, की मी बेसावध झाले. फडताळातून बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

माईंनी लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. पिशवी बघून पडला नव्हता, तो आत्ता पडला.

"इसेन्स," त्या कुजबुजल्या. "घरात?"

"वासासाठी हो."

"हे ह्यांच्या कानावर जाता कामा नये. पिशवीचं मी त्यांना समजावीन, त्याचं काही नाही. पण इसेन्स कळला तर चहासुद्धा न घेता उठतील. धाकटे भावजी एकदा मुंबईहून मँगोची गोळी चघळत आले म्हणून पाऊस लागेपर्यंत त्यांच्याशी बोलले नव्हते."

"मग सांगायचं काय?"

माईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "आंबा होता म्हणायचं."

बाटली डब्यामागे ढकलून, पदर सारखा करून आम्ही बाहेर आलो. तात्या स्टुलावर चढून माळ्यावर डोकं घालून उभे होते. खाली हे स्टूल धरून.

"उतरा," माई म्हणाल्या. "आंबा होता. एकच होता."

तात्या जळमटांसकट खाली आले. "कुठे आहे?"

"नंदाच्या आईंनी खाल्ला."

"कधी?"

माईंनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस जास्तच खोल जातो. मी म्हटलं, "आत्ता."

"आत्ता? आम्ही बाहेर बसलेले असताना?"

"हो."

"सगळा?"

"हो."

"बाठा?"

"तोही चोखला."

आमच्या ह्यांनी स्टूल अजून धरूनच ठेवलं होतं. तात्या सावकाश खुर्चीवर बसले. मला वाटलं, झालं, आता उठतील.

"आत साका नव्हता ना, पांढरा पडलेला गर?" त्यांनी विचारलं.

"नव्हता. चांगला होता. गोड."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे माझं नाक बरोबर होतं." आणि पहिल्यांदाच ते हसले. मग पोह्यांची बशी उचलली, एक घास खाल्ला, आणि काळजीच्या सुरात मला म्हणाले, "वहिनी, एकच विचारतो. मुलीला नाही ना असली खोड?"

आणि काय सांगू, माझ्या तोंडून ते आरशासमोर घोटलेलं वाक्य धडाधड बाहेर पडलं.

"नाही हो. हे माझ्यापुरतंच आहे, मुलीला नाही."

"मग हरकत नाही," तात्या म्हणाले आणि त्यांनी नारळाची वडी घेतली.

लग्न झालं, थाटात झालं. पिशवीचं माईंनी त्यांना साखरपुड्याआधीच सांगितलं. ऐकून तात्या खूप हळहळले म्हणे. म्हणाले, "बिचाऱ्या वहिनी. आतड्याचं ऑपरेशन झालं की माणसाला अशीच खा-खा सुटते, त्यांच्या हातात नसतं ते."

नंदा सुखात आहे. मी सीझनला पावसला गेले की माई मायेने माझं ताट वाढतात, जावई स्टँडवर घ्यायला येतात. आणि मी येतेय असं कळलं, की तात्या आधी उठून आढीच्या खोलीला कुलूप लावतात.