नटांवरचं कुंकू

माझा नवरा नाशिकजवळच्या लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होता. तो गेला आणि त्याच्या जागेवर मला घेतलं. तोफा ओढणारे, दारूगोळा वाहणारे ट्रक आमच्याकडे येतात, आम्ही ते दुरुस्त करून परत पाठवतो. आम्ही वर्दीतली माणसं नाही, रोज डबा घेऊन जाणारी सिव्हिलियन. सुरुवातीला सगळे गालात हसायचे. मी म्हटलं, खुशाल हसा, पण आधी तो पाना इकडे द्या. दोन वर्षांत चाकांचं आणि ब्रेकचं काम माझ्याकडे आलं, आणि मग हसणं आपोआप थांबलं.

चाक बसवण्याची आमची एक रीत आहे. नट आधी साध्या पान्याने आवळायचे, मग टॉर्कच्या पान्याने. हा पाना ठरलेल्या जोराला ‘कट’ असा आवाज करतो. तो आवाज आला की त्या नटावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला म्हणजे नट पक्का, तपासणारा तेवढंच बघून पुढे जातो.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे सगळी हत्यारं धुऊन-पुसून चौरंगावर मांडली. एकदा पूजेला मांडलं की दसरा होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही, हे आमच्याकडे सगळे पाळतात. माझ्याकडच्या एका ट्रकचं पुढचं डावं चाक मी नुकतंच बसवलं होतं. तोवर टॉर्कचा पाना चौरंगावर गेलेला, म्हणून हातातल्या साध्या पान्याने आवळून ठेवलं आणि तोही पूजेला दिला. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, गाडी दसऱ्यानंतर निघणार आहे. परवा आल्या आल्या आवळून टाका." हे मिस्त्री माझ्या नवऱ्याचे दोस्त, म्हणून मी त्यांची वहिनी.

मग त्यांनी हळदीकुंकवाचं ताट माझ्यापुढे धरलं. "यंदा पूजा तुमच्या हातची."

आता खरं सांगते. नवरा गेल्यापासून आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही. मीही कधी तोंड वाकडं केलं नाही, माझा स्वभाव तसा नाही. पण त्या दिवशी ते ताट हातात आलं आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं. गाड्यांना लावलं. आणि माझ्या त्या ट्रकच्या चाकाच्या तर मी एकेका नटावर बोट टेकवलं. पुढच्या बंपरला झेंडूची माळही मीच बांधली.

दसऱ्याला सुट्टी. सकाळी फुलं आणि आपट्याची पानं आणायला मी सिन्नर फाट्यावर गेले. सायखेड्याकडचे शेतकरी तिथे झेंडूचे ढीग लावून बसतात. मी वाकून फुलं निवडत होते, तेवढ्यात लष्कराच्या गाड्यांची रांग आली. मान वर केली तर तिसऱ्या ट्रकवर माझी माळ. ड्रायव्हर बीडकडचा जवान, मला ताई म्हणणारा. त्याने मला ओळखलं आणि हसून हात वर केला. मीही हात केला. मग माझी नजर खाली चाकावर गेली, तिथे दहाच्या दहा नट लालभडक.

गाड्या निघायची तारीख अलीकडे आली असणार, आणि पहाटेच्या अंधारात तपासणाऱ्याने लाल बघून गाडी सोडली असणार. नट कच्चे होते. ट्रक सिन्नरच्या रस्त्याला लागला होता, आणि पुढे मोहदरीचा घाट.

कुणी म्हणेल, लगेच फोन केला असेल. मी नाही केला. फोन हातात होता, मिस्त्रींचा नंबर समोर होता, आणि अंगठा हलेना. मला नोकरी दिसायला लागली. चौकशी, साहेबांपुढे उभं राहणं, कॉलेजातली मुलगी, घराचं भाडं. मी स्वतःला समजावत बसले की साध्या पान्यानेही आपण चांगलंच आवळलंय, आपला हात काही लेचापेचा नाही. फुलवाला विचारत होता, "ताई, लय येळ झाला, घ्यायची का नाय?" मी फुलं घेतली. पानं घेतली. मी चांगली फुलं निवडून पिशवीत भरत होते.

असा वीस-पंचवीस मिनिटं वेळ गेला. मग तो वर केलेला हात पुन्हा डोळ्यांपुढे आला आणि मी बटण दाबलं. "मिस्त्री, ते डावं चाक मी आवळलेलं नाही. ते कुंकू आहे, रंग नाही." ते म्हणाले, "ठेवा फोन."

तिथेच फूटपाथवर बसले. ॲम्ब्युलन्स जाताना ऐकू आली की ती सिन्नरकडे वळते का, ते मी उठून बघायची. देवाचं नावसुद्धा नीट आठवत नव्हतं. पाऊण तासाने मिस्त्रींचा फोन आला. गाड्या सिन्नरला थांबवल्या होत्या. दहापैकी चार नट नुसत्या बोटांनी फिरले. माणसं सुखरूप होती. मी रस्त्यावर सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले.

चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली, कारण स्वतःहून कळवलं असं साहेबांनी लिहिलं. किती वेळाने कळवलं, ते कुणी विचारलं नाही.

महिन्याभराने तो जवान पेढे घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, घाट चढताना स्टेअरिंग डावीकडं ओढत होतं. मला वाटलं, रस्ताच खराब हाय. वर आलो, सिन्नर आलं, तवा थांबवलं आमाला." मग माझ्या पाया पडला. "तुमी गाडी बघितल्या बघितल्या फोन केला, म्हणून वाचलो बघा."

म्हणजे माझा फोन गेला तेव्हा घाट संपत आला होता. तो सगळा घाट हा पोरगा त्या चाकावर चढला, आणि मी झेंडू निवडत होते.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो रे, बघितल्या बघितल्या."