हळदीकुंकवानंतरचा ताप

नवऱ्याला लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे, हे अबुधाबीत आमच्या लेकीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी कीव केलेली मला सोसत नाही. केमोने केस गेले तेव्हा ‘टक्कल पडायला लागलं होतं, काढूनच टाकले’ असं मी सगळ्यांना हसत ठोकून दिलं होतं.

केमोचा उपयोग झाला नाही. आता त्याच्याच रक्तातल्या प्रतिकारपेशी काढून, गाठ ओळखून मारायला त्यांना लॅबमध्ये तयार करून परत सोडायच्या होत्या. पेशी काढायची तारीख सोमवारची, आणि त्याआधीच्या मंगळवारी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू. दरवर्षी आमच्याकडेच असतं. रद्द केलं असतं तर बायकांनी कारण विचारलं असतं, म्हणून केलं. संसर्ग नको म्हणून नवऱ्याला आतल्या खोलीत बसवलं.

एक मैत्रीण शिंकतच आली. “एसीची सर्दी गं, काही नाही.” मला धडकी भरली, पण तिला कोणत्या तोंडाने परत पाठवणार? निघताना तिने खोलीचं दार ढकललं आणि “भाऊजी, तुमचा तिळगूळ!” म्हणत त्याच्या हातावर लाडू ठेवला. मी दारात हसत उभी. माझ्याकडे बघत त्याने तो खाल्ला.

शुक्रवारी त्याला ताप भरला. हॉस्पिटलात स्वॅब घेतला, फ्लू निघाला. आमचे डॉक्टर केरळचे. म्हणाले, “मॅडम, इनके सेल्स अभी वायरस के पीछे लगे हैं. अभी निकालेंगे तो ट्यूमर मारने की ताक़त कम रहेगी. दो हफ़्ते रुकते हैं. फिर इन्शाल्ला.”

दोन आठवडे! मानेवरची गाठ तेवढी थांबणार होती का? रोज सकाळी बाथरूममध्ये नळ बंद करून आरशासमोर तो ती बोटांनी चाचपायचा, आणि नळाचा आवाज थांबला की बाहेर मी कान देऊन उभी राहायचे.

“यू शुड हॅव जस्ट टोल्ड देम, आई,” लेक म्हणाली. मी तिच्यावर खेकसले.

आठवड्याने त्याच मैत्रिणीचा फोन आला. तिला लाडवांचं प्रमाण हवं होतं. मी गुळाचं सांगता सांगता सगळंच सांगून बसले. ती म्हणाली,

“अगं, एका शब्दाने बोलली असतीस तर मी दारातूनच परत गेले असते.”

आत नळ बंद झाला.