पळायची ड्युटी

दुपारचे तीन. भिवंडीबाहेर शेलार गावच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड. आत कापड विणणारे लूम चालू, दारात मी. नव्वदीची सुरुवात होती.

आता काय सांगू! तिथे मी जी माती खाल्ली, तिची चव अजून तोंडात आहे. चहा घ्या, ऐका.

कायदा साधा होता. मोटरवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसं झाली की कामगार विमा लागू. बोट तुटलं, आजारी पडलात, तर इलाज फुकट आणि पगाराचा काही भाग घरपोच. मग भिवंडीत ज्या शेडमध्ये जावं तिथे नऊच माणसं कशी? नऊ हा काय देवाचा आकडा होता? तेच पेपरात छापायला मी निघालो होतो. कामगारांचा कैवारी!

आणि अक्कल बघा. शेठ दारातूनच हाकलेल म्हणून मेव्हण्याच्या लग्नातला सफारी चढवला, बगलेत फाईल मारली आणि आत शिरून दरडावलं, "माणसं किती?"

मुकादम पांढराफटक. "नौ, साब! गिन लो!" आणि मागे वळून बोंबलला, "बाळाराम! निकल!"

चाळिशीचा, केस पिकलेला एक माणूस, अंगभर कापसाचे तंतू, मागच्या दाराकडे सुटला. त्याच्यामागे मी. "अहो थांबा! मी तुमच्याच बाजूचा!"

"सगलं सायेब आसंच बोलतात!" तो भिंतीवर चढला. मी आणखी जोरात ओरडलो. त्याने उडी टाकली. पलीकडे भंगाराचा ढीग होता.

पाय गुडघ्याखाली मोडला.

रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर. कण्हत म्हणाला, "सायेब, माजं नाव लिवू नका."

"मी इन्स्पेक्टर नाही हो. पेपरवाला. तुम्हाला विमा मिळावा म्हणून आलो होतो."

त्याने मान उचलली. "मंग मी उडी कशाला मारली?"

"तेच विचारतोय! पळालात कशाला?"

"या आठवड्याला पलायची ड्युटी माजी हाय. इन्स्पेक्टर आला का दहाव्यानं मागून जायचं. न्हाय गेला तर उद्यापासून कामावर न्हाय. मागल्या आठवड्याला शंकर होता. तो तरना हाय, त्याला जमतं."

ऐकलंत? पळायची ड्युटी! पाळीपाळीने!

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठे कामाला आहे?" तोवर शेठ पोचला होता. हात जोडून म्हणाला, "साहेब, माझी नऊच माणसं. नऊही आत्ता लूमवर उभी आहेत, मोजून या. हा कोण, मला ठाऊक नाही. ह्यांनी आणलाय, ह्यांचाच असेल."

"अहो, तुमच्या शेडमधून पळाला तो!"

"कोणाला बघून?"

डॉक्टरांनी केसपेपरवर नातेवाईक म्हणून माझं नाव घातलं.

बातमी मात्र मी दणदणीत दिली. इतकी, की खरा इन्स्पेक्टर शेडवर गेला. त्याने माणसं मोजली. नऊ! त्या दिवशी कोणाला पळावंही लागलं नाही. दहावा प्लास्टर घालून घरी पडला होता. शेठला जे पाळ्या लावून जमवावं लागत होतं, ते मी एका दुपारी कायमचं जमवून दिलं.

बाळारामचा पाय आखूडच राहिला, शेडमध्ये त्याला कोणी परत घेतलं नाही. केस पिकेपर्यंत त्या शेडमध्ये ज्याने कापड विणलं, तो माणूस कोणाकडे कामाला होता, हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.