डाव्या हाताची साखळी

"उसव. धागा कुठी पळून नाई चालला."

खुर्सीपारच्या आमच्या गल्लीत भरतकाम शिकवणाऱ्या काकू दिवसभर हेच म्हणायच्या. चष्मा कपाळावर चढवलेला, पण नजर बरोबर चुकलेल्या टाक्यावर. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल, जिच्यावर धड चिडताही येत नाही.

काका पोलादाच्या प्लांटमध्ये वेल्डर होते. ठिणग्यांनी भोकं पडलेले त्यांचे जुने खाकी शर्ट हाच आमचा सरावाचा कपडा. "नव्या कपड्यावर हात भेते," काकू म्हणायच्या. प्रत्येक भोकाभोवती वेगळा टाका घालायचा, हा त्यांचा नियम. एकाला काजाचा टाका, दुसऱ्याला साखळी. साखळीच्याही किती तऱ्हा: पिळाची, दुहेरी, सुटी करून पाकळीसारखी. शर्ट भरला की काका तो अंगात घालून दारात उभे राहायचे आणि सगळी गल्ली हसायची.

मी डावखुरी. काकूंचं बघून टाका घातला की माझी साखळी उलटीच वळायची, पाकळीचं तर गाठोडं व्हायचं. घालण्यापेक्षा माझं उसवणंच जास्त. शेवटी एक दिवस आई मला न्यायला आली.

"डाव्या हातानं सुई धरते हे पोरगी. इले नाई जमत. तुमाले उगाच तरास कावून?"

मला रडू फुटलं. शाळेत माझं कशातच नाव नव्हतं. मनापासून हवी अशी ही एकच गोष्ट होती, आणि तीही चालली होती.

काकू आईला म्हणाल्या, "पोरगी नाई चुकून राहिली, वहिनी. माजं शिकवणं चुकून राहिलं. मले थोडे दिवस द्या."

काही दिवसांनी त्यांनी मला जवळ बसवलं, सुई डाव्या हातात घेतली आणि सावकाश साखळी घातली. "पाय. आता तू कर." मी केली, आणि ती सरळ आली. पुढचा प्रत्येक टाका त्यांनी मला डाव्या हातानेच दाखवला. मला वाटायचं, काकूंना सगळं येतंच.

आज हुडको कॉलनीत मी भरतकामाचे वर्ग घेते. माझ्या हातात जे काही आहे, ते काकूंचं आहे.

गेल्या वर्षी काकू गेल्या. त्यांच्या मुलीने मला बोलावून पेटीतला एक खाकी शर्ट पुढे ठेवला. त्याची भोकं तशीच होती. पाठीवर मात्र साखळीच्या ओळीच ओळी होत्या. वेड्यावाकड्या, उसवून पुन्हा घातलेल्या, मधे मधे रक्ताचे वाळलेले ठिपके. खाली येता येता त्या सरळ होत गेल्या होत्या.

"मम्मी डाव्या हातानं करत बसे," मुलगी म्हणाली. "बाबा हसत, 'इस उमर में क्या सीख रही हो.' पूरा टेढ़ा है, दीदी. उसवून टाकू का? पोछ्याच्या कामी येईल."

इतकी वर्षं मीही पोरींना 'उसव'च सांगत आले आहे.

"राहू दे," मी म्हणाले, आणि तो शर्ट घडी घालून घरी आणला.