सात नंबरचं भिंग

आमच्या शाळेत प्रयोगशाळेचे जे मदतनीस आहेत, त्यांना सगळे कुलूपकाका म्हणतात. तोंडावर काका, पाठ वळली की कुलूप. नाव मुलांनी ठेवलं, पण ते इतकं चपखल बसलं की आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्याही एकदा भर सभेत तेच बोलून गेल्या. प्रयोगशाळेला लागूनच माझी कचेरी. मधली भिंत कमरेच्या वर काचेची, तिच्यात एक सरकती खिडकी. त्यामुळे गेली चौदा वर्षं शाळेची पत्रं टाइप करता करता मी हा माणूस रोज बघते आहे. एवढा संशयी प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी स्वतः काही भोळीभाबडी नाही.

कपाट उघडायचं तर काका आधी मागे वळून बघणार. परीक्षानळ्या देताना एकदा मोजणार, परत घेताना दोनदा. एकदा लोहचुंबक सापडेना, तर त्यांनी अख्ख्या वर्गाला खिसे उलटे करायला लावले. चुंबक निघालं त्यांच्याच टेबलाच्या लोखंडी पायाला आतल्या बाजूने चिकटलेलं. काका ओशाळतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "कुणीतरी मुद्दाम चिकटवलं." त्यांची बायको एकदा शाळेत आली होती, ती मला हसत हसत म्हणाली, "घरी दुधाच्या पातेल्यात डोकावून विचारतात हो, सकाळी एवढंच होतं का म्हणून."

पण ह्याच माणसाचं दुसरं एक वागणं होतं आणि ते शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पोरं घाबरून पांढरी पडायची. काका पट्टी किंवा मेणबत्ती द्यायच्या निमित्ताने टेबलाशी जायचे आणि ओठ न हलवता पुटपुटायचे, "सात नंबर, वीस." म्हणजे सात नंबरच्या भिंगाचं नाभीय अंतर वीस सेंटिमीटर. भिंगातून लांबच्या झाडाचं चित्र कागदावर स्पष्ट पाडायचं आणि भिंग ते कागद अंतर मोजायचं, एवढाच तो प्रयोग. कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला होता, काकांच्या सुवाच्य अक्षरात: कुठलं भिंग किती अंतराचं. परीक्षकांच्या हातातही त्याच तक्त्याची नक्कल असायची. काका स्वतः दहावीत विज्ञानातच आपटले होते. शिपाई म्हणून लागले आणि मदतनीस रजेवर गेला म्हणून एका दिवसापुरते प्रयोगशाळेत आले, ते तिथलेच झाले. आपल्यासारखं कुणी आपटू नये, एवढंच त्यांच्या मनात. ह्याला फसवणूक म्हणावी असं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत विज्ञानाचं शिबिर आलं. तीन आठवड्यांचं, सहावी ते नववीच्या मुलांसाठी, फुकट. फुकट म्हटल्याबरोबर काकांचे आणि माझे कान एकदमच टवकारले. बाहेरून कुठली तरी संस्था येणार, आमच्या पंख्याखाली बसून आमच्या मुलांना शिकवणार, आणि त्यांना यातून काय मिळणार?

"यात काहीतरी पाणी मुरतंय," काका मला म्हणाले.

"मुलांचे फोन नंबर गोळा करतील आणि मग काहीतरी विकतील," मी म्हटलं.

"फोन नंबर तुम्ही सांभाळा. माझी कपाटं मी बघतो."

शिबिर घ्यायला आली एक पंचविशीतली मुलगी. पायात कॅनव्हासचे बूट, केस वर बांधलेले, सगळे तिला ताई म्हणायला लागले. ती आली आणि काकांच्या राज्यात उलथापालथ झाली. आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल बांधून त्यांच्यावर विटा ठेवायच्या. चाकांच्या छोट्या गाड्यांना मोटर लावून त्या जमिनीवर सोडायच्या. एखादी गाडी काकांच्या पायावर चढली की मुलं फिदीफिदी हसायची आणि काकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. त्याहून वाईट म्हणजे ताई कुठल्याच प्रश्नाचं उत्तर द्यायची नाही. मूल विचारायचं, "बरोबर आलं का?" ही म्हणायची, "तुला काय वाटतं?" काकांना हे फार झोंबायचं. "तिला स्वतःलाच येत नसणार," असं ते माझ्या खिडकीशी येऊन कुजबुजले. मला ते पटलं.

दुसऱ्या आठवड्यात ताईने कहर केला. शुक्रवारी तिने मुलांना एकेक वस्तू घरी न्यायला दिली. घरच्यांना दाखवा, सोमवारी आणा. काकांनी वहीत प्रत्येकाची सही घेतली आणि मोठ्या बाईंकडे जाऊन लेखी निषेध नोंदवला. तोही मीच टाइप केला.

सात नंबरचं भिंग नेलं धाकटीने. शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींची ही दुसरी मुलगी, म्हणून सगळ्यांच्या तोंडी धाकटी. नववीत जाणारी, हाडकुळी, फारसं न बोलणारी. शिबिरात मात्र तिचा हात सारखा वर असायचा.

सोमवारी तिने भिंग आणलं. काकांनी उजेडात धरून पाहिलं, आत ठेवलं. मंगळवारी ताईने भिंगांचा प्रयोग काढला आणि धाकटीच्या वाट्याला पुन्हा सातच आलं. तिने खिडकीतून समोरच्या झाडाचं उलटं चित्र कागदावर पाडलं, अंतर मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं. पंधराला एक रेघ कमी. पाच वेळा मोजून ती काकांच्या कपाटाशी गेली, दाराआडचा तक्ता वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, इथं वीस लिहिलंय. पण पंधरा येतं."

"नीट मोज."

"पाचदा मोजलं."

काकांनी स्वतः मोजलं. पंधरा. माझ्या काचेतून मला त्यांचा चेहरा दिसला आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला अक्षरशः वाचता आलं, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. तक्ता चुकत नाही. म्हणजे भिंग बदललं. म्हणजे घरी नेलं तेव्हा बदललं.

"यादी तपासून बघूया ना," ताई म्हणाली.

"यादी माझ्या हातची आहे," काका म्हणाले. "भिंग माझं नाही."

अर्ध्या तासात सगळं मोठ्या बाईंच्या खोलीत पोचलं. हातात ओला पोछा घेऊन मावशी दारात उभ्या. धाकटी दोनदा म्हणाली, "मी नाही बदललं." बदलून ती करणार काय, हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर भिंग एखाद्या डॉक्टरच्या मुलीने नेलं असतं, तर आम्ही आधी पट्टी तपासली असती. मोठ्या बाईंनी दोन दिवसांची मुदत दिली. मूळ भिंग परत आलं नाही तर शिबिरातून नाव कमी आणि शाळेच्या नोंदीत चोरीचा शेरा. तो शेरा पुढे प्रत्येक शाळेच्या दारात तिच्या आधी जाऊन उभा राहणार, हे कळायला फार हुशारी लागत नाही. तरी ते पत्र मी टाइप केलं, एकही चूक न करता.

बुधवारी धाकटी आली नाही. मावशी आल्या, खाली मान घालून झाडत राहिल्या. रोज माझ्या टेबलाखालचं झाडताना म्हणायच्या, "पाय वर घ्या हो बाई." त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलाखालचं झाडलंच नाही.

गुरुवारी सकाळी काकांनी फुटतुटीची वही काढली. प्रयोगशाळेत जे काही फुटतं, तुटतं, बदलतं, ते त्या वहीत चढतं. त्यांना पुरावा हवा होता, सात नंबर वीसचंच आहे असा कागदावरचा पुरावा. मी काचेतून बघत होते. ते पानं उलटत मागे मागे गेले आणि एका पानाशी थांबले. बराच वेळ त्यांनी पुढचं पान उलटलं नाही. मग वही मिटली, ड्रॉवरमध्ये घातली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

कपाटांना कुलूप असायचंच, पण ड्रॉवरला त्यांनी ते कधी लावलेलं मी पाहिलं नव्हतं. मला शंका आली आणि माझी शंका सहसा खोटी ठरत नाही. जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडता बसलेले दिसले तेव्हा मी सरळ आत गेले.

"काय आहे त्या वहीत?"

"काही नाही."

"काका, चौदा वर्षं तुम्हाला बघतेय."

त्यांनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. अकरा वर्षांपूर्वीची नोंद, त्यांच्याच सुवाच्य अक्षरात. सात नंबरचे भिंग फुटले. नवीन बसवले. पंधरा से.मी. तारीख प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवसाची. घाईत भिंग बदललं, वहीत लिहिलं आणि तक्ता तसाच राहून गेला.

अकरा वर्षं. दरवर्षी कुणी ना कुणी सात नंबरवर बसलं असणार. त्यांनी मोजलं असेल, पंधरा आलं असेल, आणि काका कानाशी येऊन वीस म्हणाले असतील. सगळ्यांनी खोडून वीस लिहिलं. सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले. याच शाळेतून दहावी झालेली माझी स्वतःची लेक परीक्षेवरून घरी येऊन म्हणाली होती, "आई, माझं पंधराच येत होतं गं." मी तिला काय म्हटलं? काका सांगतात ना, मग तेच बरोबर.

"हे कुणी बघितलं नसतं," काका म्हणाले. "ही वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही."

 हा माणूस आता वही परत ड्रॉवरमध्ये टाकणार, अशी माझी खात्री होती. मी असते तर टाकली असती, हेही लपवत नाही. ते उठले, वही काखेत मारली आणि मोठ्या बाईंच्या खोलीकडे चालू लागले. जाताना कपाट उघडंच राहिलं.

शुक्रवारी मावशींनी धाकटीला हाताला धरून आणलं. पत्र रद्द झालं होतं, शेऱ्याचा विषय मिटला होता, मोठ्या बाईंनी मावशींजवळ दिलगिरीही व्यक्त केली होती. काका सगळ्या मुलांसमोर उभे राहिले. भिंग त्यांच्या तळहातावर होतं. आपण भिंग कधी बदललं, तक्ता कसा चुकला, परीक्षेत मुलांना काय सांगत आलो, सगळं त्यांनी सांगितलं.  मग धाकटीला म्हणाले, "बाळ, चूक माझी होती. तू बरोबर मोजलं होतंस. मी तुझ्यावर उगाच आळ घेतला."

ताईचे डोळे भरून आले होते. आता पोरगी हसेल, काका तिच्या डोक्यावरून हात फिरवतील आणि सगळं पूर्वीसारखं होईल, असं मला वाटलं. मी काचेजवळ सरकले होते.

धाकटीने भिंगाकडे बघितलं, मग काकांकडे.

"वहीत सापडलं म्हणून तुम्हाला कळलं," ती म्हणाली. "वहीत नसतं तर?"

 तिची नजर त्यांच्यावरून सरकून काचेवर आली, माझ्यावर. आठवीपर्यंत ही मुलगी आईबरोबर रोज माझ्या कचेरीत यायची, माझ्या बाटलीत पाणी भरून आणायची. मी मान खाली घातली.

तिने काकांच्या हातातून भिंग उचललं, पट्टी घेतली आणि खिडकीशी जाऊन मोजायला सुरुवात केली. आम्हा दोघांकडे तिने परत पाहिलं नाही.