इलोइलोहून आलेलं सूप

गणपतीआधी घर आवरायला काढलं की मारिसेल परब कपाटावरचं बांबूचं एक गोल सूप खाली घेते, पदराने पुसते आणि नाकाशी धरते.

"मम्मी, आता काही वास येत नाही त्याला," लेक आकांक्षा हसते.

मारिसेलला येतो. आणि आला की टॉवरमधलं हे घर विसरून ती लालबागच्या जुन्या चाळीच्या गॅलरीत जाऊन उभी राहते. तिथे सासूबाई हातात काठी घेऊन कावळे हाकत बसलेल्या असतात.

मारिसेल मूळची फिलिपिन्समधल्या इलोइलोची. वैभव परब मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये होता. त्याची बोट तिथल्या बंदरात दुरुस्तीला अडकली आणि बंदराजवळच्या औषधाच्या दुकानात त्याला ही दिसली. बोट हलेपर्यंत हा धडधाकट माणूस रोज नवा आजार घेऊन दुकानात येत राहिला. लग्न करून त्याने तिला लालबागला आणलं आणि स्वतः पुन्हा समुद्रावर गेला. त्यामुळे तिचा संसार सुरू झाला तो सासूबरोबरच.

कमल परब बोलायला तिखट, पण हाताने सढळ. पहिल्याच आठवड्यात त्या सुनेला मासळीबाजारात घेऊन गेल्या. मारिसेलने न सांगता बांगड्याचे कल्ले उचलून पाहिले आणि मान हलवून पुढच्या टोपलीकडे वळली. कमलताईंनी घरी येऊन गॅलरीभर सांगितलं, "पोरगी मासळेतली आसा गो! माका काय शिकवूक नको तिका." भात, नारळ, मासे, दोघींचं जमायला एवढं पुरेसं होतं. मराठी मागाहून आली, तीही मालवणीच्या वळणाने.

चाळीने तिला मायेनं वागवलं. फक्त एक गोष्ट तिला सलायची. कुठलीही नवी सून आली की बायका विचारत, "माहेरी कोण कोण गं?" तिला मात्र विचारत, "तिकडे काय काय खातात?" जणू ती एका देशातून आली होती, कुणाच्या घरातून नव्हे.

मग तिच्या ओवशाचं वर्ष आलं. गौरी पूर्वा नक्षत्रात येतात त्या वर्षी कोकणातल्या घरी नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. फळं, पानं, सुकामेवा भरलेली पाच सुपं ती गौरीपुढे ओवाळते आणि मग घरातल्या मोठ्यांना देते. ही सुपं यावी लागतात माहेराहून.

"माहेरचां काय करूचां?" कमलताईंनी चैत्रातच विषय काढला.

"मी मेले की काय?" शेजारच्या दुर्गाकाकू उंबऱ्यातून म्हणाल्या. "मी हिची आई. पाचही सुपं माझ्याकडची!"

सगळ्या खूश झाल्या. मारिसेलही हसली, काकूंच्या पाया पडली. पण तिची आई तर होती. इलोइलोला रोज सकाळी तांदूळ पाखडत होती. इथे एवढ्या प्रेमाने तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली, आणि तक्रार तरी कुणाकडे करायची?

तिने फोनवर आईला सगळं सांगितलं. आईला मोठं नवल वाटलं. "अगं, मग आपला बिलाओ आहे की!" बिलाओ म्हणजे त्यांच्याकडचं सूप. आपल्या सुपासारखं पुढून उघडं नाही, ताटासारखं गोल. आईने स्वतःच्या वापरातला बिलाओ घासूनपुसून दिला आणि वैभवची बोट तिकडे लागली तेव्हा त्याने तो आणला.

मारिसेलने तो जुन्या झग्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. दुर्गाकाकूंना न दुखवता कसं सांगायचं, याची ती जुळवाजुळव करत होती. मे महिन्यातल्या एका रविवारी ती चर्चमधून परतली, तर गॅलरीत बिलाओ पसरलेला आणि त्यावर वर्षाच्या साठवणीचे सोडे, सोललेली कोळंबी, वाळत घातलेली.

"वैभवान बरां सूप आणल्यान गो," कमलताई कौतुकाने म्हणाल्या. "वारो कसो सगळ्या बाजून लागता!"

मारिसेलने हसून मान डोलावली. नंतर तिने बिलाओ लिंबाने घासला, उन्हात ठेवला. वास काही जाईना. त्या रात्री फोनवर आईजवळ ती खूप रडली.

गौरीपूजनाच्या दिवशी ती हिरवं लुगडं नेसून तयार झाली. दुर्गाकाकूंची पाच सुपं सूत गुंडाळून, भरून मांडली होती. खोलीत चाळीतल्या बायका दाटीने बसल्या होत्या. मारिसेल आत गेली आणि बिलाओ घेऊन बाहेर आली.

"आई, एक हे ठेवायचंय," ती कमलताईंना म्हणाली.

"सोड्यांचां सूप? गौरीफुडे?"

"माझ्या आईने पाठवलंय. तिचं आहे."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "गोल कसं चालेल? आणि वास बघा!"

कमलताईंनी बिलाओकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मगे मे म्हयन्यात सांगलंस कित्याक नाय?"

"तुम्ही खूश होतात. वारा चांगला लागतो म्हणालात."

कमलताई पदराने बिलाओ पुसू लागल्या. दुर्गाकाकू उठल्या. आपल्या पाच सुपांतलं एक त्यांनी उचललं, त्यातलं सगळं बिलाओत ओतलं आणि मोकळं सूप काखोटीला मारलं. "आई असताना मी कशाला पाचांची मालकीण होऊ? चार माझी, एक तिचं."

"पण वास..." मागचा आवाज पुन्हा आला.

कमलताई मागे वळल्या. "सांजेक तिका वडे-सागोती वाढतलंव मां? गणपती मटण खाणा नाय म्हणान पडदो तेच्याफुडे ओढतत, गौरीफुडे न्हय! मटण खातली गौर सोड्यांच्या वासाक भियातली?"

खोली हसून लोटपोट झाली. मारिसेलने सुपं ओवाळली. मोठ्यांना देण्याची वेळ आली तेव्हा कमलताईंनी आधीच पदर पसरला आणि बिलाओकडे बोट दाखवलं. "माका ह्यां."

संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन लावायला सांगितला आणि समुद्रापलीकडे थेट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडल्या, "विहीणबाय! तुमचां सूप गौरीक पोचलां हां!"

पलीकडून त्यांच्या भाषेत लांबलचक काहीतरी आलं. कमलताई "होय, होय" म्हणत राहिल्या. मग फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय म्हणतत गो?"

मारिसेल हसू दाबत म्हणाली, "विचारतेय, सोडे नीट वाळले होते का."

कमलताईंनी कपाळावर हात मारला. वैभव पुढच्या बोटीला निघाला तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांच्या आधी विहीणबाईंसाठी सोड्यांची पिशवी गेली.