गाडीचं उष्टं

अप्पांनी माझं मत विचारलं तेव्हा मी बन्नूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात जुन्या टायरवर बसले होते आणि मांडीवर युनिफॉर्मच्या शर्टांचं गाठोडं होतं. हेब्बाळच्या एका कारखान्यात ते दुपारपर्यंत पोचवायचं होतं. अप्पा शिंपी आहेत. आमच्याकडे सगळेच शिंपी, पणजोबांपासून म्हैसुरात हेच चाललंय. गाडी मात्र अप्पांनी तीन वर्षांपूर्वी घेतली, कुणाची तरी वापरलेली, डिझेलची, कारण गाठोडी स्कूटरवर मावेनाशी झाली होती. आता ती गाडी दम टाकत होती. रिंग रोडच्या चढावर अप्पा पाय दाबून धरत, मागून काळा धूर निघे, आणि शेजारून रिक्षावाले आमच्याकडे सहानुभूतीनं बघत पुढे जात.

मेकॅनिकनं इंजिनातून एक भाग सोडवून आणला. त्याला भोक होतं म्हणे. आत इतकी काजळी बसली होती की ते बोट घालूनच शोधावं लागलं.

"नोडी सार, हा बघा ईजीआर व्हॉल्व," तो म्हणाला. "इंजिनातनं निघालेला थोडा धूर हा परत इंजिनात पाठवतो. आता पूर्ण चोक. साफ करायला अख्खा दिवस जाईल, आणि वर्षभरानं परत हेच. त्यापेक्षा बंद करून टाकू. इथे एक पत्रा बसवायचा, अष्टे, एवढंच. अर्ध्या तासात घरी. मग पिकअप बघा. विमान!"

"काही बिघडलं तर?" अप्पांनी विचारलं.

"काय बिघडतंय? फार तर समोर पिवळा दिवा लागेल."

"मग?"

"दिव्यावर टेप लावू."

अप्पांनी थोडा वेळ तो काळा भाग हातात धरला, उजेडात फिरवला, कापडाची सुलट बाजू शोधतात तसा. मग माझ्याकडे वळले. "पुट्टी, तू सांग. तू सांगशील तसं करू."

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. दोन वर्षांपूर्वी आत्या म्हणाली होती की पोरीला शिलाई येते, तेवढं पुरे, साकू. तेव्हा अप्पा तिच्याशी भांडले नाहीत. फक्त म्हणाले, "अक्का, घरात एक तरी असं माणूस पाहिजे की ज्याला विचारता येईल." तेव्हापासून मला विचारतात. गॅसच्या शेगडीची ज्योत पिवळी का, मुंग्यांची पावडर देवघरात चालेल का, शेजाऱ्यांचा टीव्ही का खरखरतो. मी जमेल तसं सांगते. पण "तू सांगशील तसं करू" हे याआधी कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या म्हणण्यावरून आमच्या घरात एक बटणसुद्धा हललेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ईजीआर हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

मी म्हटलं, "अप्पा, दोन दिवस द्या."

मेकॅनिकनं खांदे उडवले आणि तो भाग काजळीसकट होता तिथे परत बसवला.

दोन दिवसांचे सहा झाले. मोबाईलवर मी सापडेल ते बघितलं. एक माणूस सांगत होता, बंद करा, इंजिन तुम्हाला आशीर्वाद देईल. दुसरा सांगत होता, बंद केलंत तर इंजिनाची वाट लागेल. तिसऱ्यानं स्वतःच्या गाडीचं ईजीआर बंद केलं होतं, मग परत चालू केलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याला बरं वाटलं होतं. कॉलेजात मी आमच्या सरांना गाठलं. ते जिना उतरत होते.

"हे अभ्यासक्रमात आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. गाडीत आहे."

"मग परीक्षेनंतर भेट."

शेवटी मला समजलं ते एवढंच. इंजिनात फार उष्णता झाली की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना जोडले जातात आणि त्यातून होणारे वायू फुप्फुसाला वाईट. जळून गेलेला थोडा धूर आत परत मिसळला की उष्णता कमी होते आणि ते वायू कमी होतात. पण त्याच धुरानं आत काजळी धरते. म्हणजे धुराची ही परतीची वाट बंद केली तर इंजिन आतून स्वच्छ राहणार आणि घाण बाहेरच्यांच्या वाट्याला जाणार. कायद्यालाही ते चालत नाही. हे मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "पण मेकॅनिक म्हणतो धुराच्या तपासणीत पास होते गाडी. तिथलं मशीन फक्त काळेपणा बघतं. हा वायू त्याला दिसत नाही."

ते खरं होतं, मी शोधून बघितलं. आणि तेच मला सगळ्यात जास्त खुपलं. मी परीक्षेला फार घाबरते. जिथे चूक करून पास होता येतं अशी परीक्षा मला कधी भेटली नव्हती, आणि भेटल्यावर तिचं काय करायचं ते सुचेना.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी आत्याला समजावून सांगितलं.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, आमच्यातच राहते. रात्री जेवताना तिनं विचारलं की गाडीला झालंय तरी काय. मी ठरवलं होतं की इंग्रजी शब्द वापरायचे नाहीत. म्हटलं, "आत्या, इंजिन आधी हवा आणि डिझेल खातं. मग धूर सोडतं. त्यातला थोडा धूर परत त्यालाच खायला देतात."

आत्याचा घास हातातच राहिला. "उष्टं?"

"उष्टं नाही, म्हणजे..."

"खाऊन टाकलेलं परत त्यालाच?" आणि खात्री करायला तिनं कन्नडमध्येही विचारलं, "एंजलु?"

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. मला "नाही" म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "तसं म्हणता येईल."

"अय्यो, पांडुरंगा!" आत्या ताटावरून उठलीच. "आयुधपूजेला हळद-कुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, कोहळा फोडला. आणि हे मेले तिला उष्टं घालतायत? मग कशी चढेल ती चढ? मी असते तर मीही चढले नसते!"

अप्पा समजुतीनं म्हणाले, "अक्का, पण आपलं उष्टं आपल्याला चालतं की. तू नाही का सकाळचा अर्धा राहिलेला चहा नंतर पीत?"

"तो पेल्यात राहिलेला असतो रे! तोंडातनं बाहेर पडलेलं परत तोंडात घालतं का कुणी? त्याला उष्टं पण नाही म्हणत. त्याला काय म्हणतात ते मी जेवताना सांगणार नाही."

आई कोपऱ्यात शर्टांना काजं करत होती. तिच्या तोंडात दोरा होता, म्हणून ती फक्त हसली.

अशा रीतीनं आत्या आणि मेकॅनिक, ज्यांची आयुष्यात कधी भेट झाली नव्हती, एका बाजूला झाले. बंद करा. मी पुन्हा प्रयत्न केला. म्हटलं, बंद केलं तर मागून येणाऱ्या लोकांना त्रास होईल.

"मागून कोण येतं?"

"स्कूटरवाले. शाळेची मुलं."

आत्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "मग त्यांनी पुढे जावं. आपली गाडी हळूच चालते, अल्वा? हो ना?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर गाडीचं बॉनेट उघडं आणि आत्या पुढे उभी, हातात सांबराणीचा धूप. धूर सगळा इंजिनावर. निर्णय होईपर्यंत तिनं मधला मार्ग काढला होता: धूरच खायचा असेल तर आधी देवाचा खाऊ दे, म्हणजे मागचं उष्टं प्रसादासारखं होईल. अप्पा शेजारी हात जोडून उभे होते. माझी चाहूल लागल्यावर हात न सोडता हळूच म्हणाले, "पुट्टी, यानं आणखी काजळी धरेल काय?"

मी म्हटलं, "थोडी धरेल. पण इंजिन बंद आहे ना, तेव्हा बहुतेक नाही."

"बहुतेक?"

"नक्की माहीत नाही, अप्पा."

मला ते फार लागलं. ज्याला विचारता येईल असं माणूस पाहिजे म्हणून मला पाठवलं, आणि मी सहा दिवस "बहुतेक" म्हणत होते. त्यातच त्या दिवशी हेब्बाळहून फोन आला की पुढचे साठ शर्ट शनिवारी हवेत, उशीर चालणार नाही. अप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलंही नाही, मला घाई वाटू नये म्हणून. त्यापेक्षा बघितलं असतं तर बरं.

संध्याकाळी पुन्हा तेच सुरू झालं. आत्या म्हणे उष्टं, मी म्हणे नायट्रोजन, अप्पा म्हणे चढ. तेव्हा आईनं तोंडातला दोरा काढला.

"मी एक विचारू? खिशाच्या तळाला चुरा साठतो. मग तुम्ही खिसा शिवून टाकता काय?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"उलटा करा, झाडा. परत साठेल, परत झाडा. सहा दिवस सुम्ने, उगीच डोकं खाताय माझं." आणि तिनं दोरा परत तोंडात धरला.

आमच्या घरात खिशावर वाद होत नाही. आत्यासुद्धा उठली. जाताना एवढंच म्हणाली, "धुवून देणार असतील तर मग एका वेळचं उष्टं चालवून घेऊ."

शुक्रवारी गॅरेजात मी मेकॅनिकला म्हटलं, "बंद करू नका. साफ करा."

"मेडम, पिकअप येईलच असं नाही हां. मग मला बोलायचं नाही."

मी अप्पांकडे वळले. हे वाक्य मी कॉलेजच्या बसमध्ये चार वेळा म्हणून बघितलं होतं, तरी आवाज बारीक झालाच. "अप्पा, साफ करून गाडी सुधारेल की नाही मला माहीत नाही. मोबाईलवरच्या लोकांनाही माहीत नाही. पण तो व्हॉल्व बंद केला तर वाईट हवा दुसऱ्यांच्या छातीत जाणार, एवढं मला माहीत आहे. तेवढंच नक्की माहीत आहे."

अप्पा म्हणाले, "मग तेवढ्यावरच करू." आणि मेकॅनिकला, "साफ कर."

मेकॅनिक हसला, त्यानं डिझेलचा डबा आणि एक जुना टूथब्रश माझ्यासमोर ठेवला. "मेडमनीच सांगितलंय तर मेडमच घासू देत." मला वाटलं चेष्टा असेल. चेष्टा नव्हती. दुपारचे तीन वाजेपर्यंत मी घासत होते. अप्पा शेजारी बसून राहिलेल्या शर्टांना बटणं लावत होते आणि माझ्या काळ्या हातांपासून शर्ट लांब सरकवत होते.

शनिवारी साठ शर्ट मागच्या सीटवर घालून आम्ही निघालो. पुढे उसाची ट्रॉली होती. अप्पांनी पाय दाबला, गाडी थोडी पुढे गेली, मग मागे राहिली. समोरून येणारी बस गेल्यावर पुन्हा दाबला, आणि आम्ही हळूहळू, ऊस अगदी नाकासमोरून सरकत असताना, ट्रॉलीच्या पुढे गेलो.

"सुधारली काय?" अप्पांनी विचारलं.

"मला कळत नाही, अप्पा."

"मलापण नाही," ते म्हणाले, आणि आरशात बघून मागच्या ट्रॉलीवाल्याला हात केला. आणि वर म्हणाले, "पण काळा धूर दिसला नाही त्याच्या तोंडावर. मी बघत होतो."